अपमानाने झिजणारे शरीर
अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांचे आरोग्य आणि वर्णभेद

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणत आली. वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे हा दुसरा जन्म आता पूर्वीइतका धोक्याचा राहिलेला नाही. असे असताना, आरोग्यसेवेवर जगात सर्वाधिक पैसा खर्च करणाऱ्या अमेरिकेत २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी त्याच देशात गोऱ्या मातांचे हेच प्रमाण १४.५ होते. देश एक, कायदा एक, वैद्यकीय ग्रंथही तेच. परंतु आईच्या त्वचेचा रंग बदलताच मृत्यूचा धोका तिपटीहून अधिक होतो. हे असे का व्हावे, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात आम्ही विचार करणार आहोत.

हा प्रश्न केवळ बाळंतपणापुरता नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाब लवकर सुरू होतो आणि अधिक जणींना होतो. गर्भाशयातील गाठी त्यांना लहान वयात होतात. स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण त्यांच्यात गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच आहे, पण त्या रोगाने मरण्याचे प्रमाण मात्र सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. इतक्या निरनिराळ्या रोगांत एकच समाजगट मागे पडत असेल, तर त्यामागे काही समान कारण असावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

दारिद्र्य की आनुवंशिकता?

पहिले उत्तर बहुतेकांच्या ओठांवर तयार असते : गरिबी आणि अज्ञान. गरिबीने आरोग्य बिघडते यात शंका नाही, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वाट्याला गरिबी अधिक आली हेही खरे आहे. परंतु या उत्तराने प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे ‘सीडीसी’ने, २००७ ते २०१६ या काळातील मातामृत्यूंचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. महाविद्यालयीन पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय मातांमधील मृत्यूचे प्रमाण तितक्याच शिकलेल्या गोऱ्या मातांच्या पाचपटीहून अधिक निघाले. इतकेच नव्हे, तर शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या मातांपेक्षा या पदवीधर कृष्णवर्णीय मातांना अधिक धोका होता. शिक्षण माणसाला पुष्कळ संकटांतून तारते, पण या संकटापुढे त्याचे बळ अपुरे पडते, असाच याचा अर्थ होतो.

दुसरे उत्तर आनुवंशिकतेचे. कृष्णवर्णीयांचे रक्तच वेगळे, त्यांची प्रकृतीच तशी, असे मानणारे अनेक डॉक्टरही होते. या समजुतीची कसोटी डॉ. रिचर्ड डेव्हिड आणि डॉ. जेम्स कॉलिन्स या शिकागोच्या दोन बालरोगतज्ज्ञांनी १९९७ साली घेतली. इलिनॉय राज्यात जन्मलेल्या बालकांच्या वजनांची त्यांनी तुलना केली. दोष आनुवंशिक असता, तर थेट आफ्रिकेतून आलेल्या मातांची बाळे सर्वांत कमी वजनाची निघायला हवी होती. प्रत्यक्षात गोऱ्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम होते, आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या मातांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. आफ्रिकेतून आलेल्या स्त्रिया या बाबतीत गोऱ्या स्त्रियांच्या अधिक जवळ होत्या. पुढे २००२ मध्ये याच संशोधकांना आढळले की, अशा स्थलांतरित कुटुंबांतील अमेरिकेत वाढलेल्या मुली जेव्हा स्वतः माता झाल्या, तेव्हा त्यांच्या बाळांचे वजन घटलेले होते. एका पिढीत माणसाची आनुवंशिकता बदलत नाही. जे बदलले ते त्या मुलींचे आयुष्य होते : कृष्णवर्णीय मुलगी म्हणून अमेरिकेत वाढणे.

शरीर कसे झिजते?

या ठिकाणी एक शंका उपस्थित होईल. अपमान तर मनाला होतो. त्याने रक्तदाब कसा वाढेल? त्यासाठी आपल्या शरीराची रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

संकट समोर दिसताच शरीर लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होते. अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्यांवरील दाब चढतो, रक्तातील साखर वाढते. वाटेत साप आडवा आला तर हीच व्यवस्था आपला जीव वाचवते. साप निघून गेला की काही वेळाने सर्व काही पूर्ववत होते. परंतु साप गेलाच नाही तर? दुकानात शिरताच आपल्यामागे पहारेकरी फिरतो आहे, नोकरीच्या मुलाखतीत आपल्या केसांकडे पाहिले जाते आहे, रस्त्यावर पोलिसाची गाडी दिसताच मुलाच्या काळजीने छातीत धस्स होते आहे, अशी अवस्था रोजचीच असेल तर शरीराला विसावा मिळत नाही. अपमान प्रत्यक्ष घडलाच पाहिजे असेही नाही. तो घडेल या अपेक्षेने सावध राहणे हेसुद्धा शरीराला थकवते. असे वर्षानुवर्षे चालले की रक्तवाहिन्या कठीण होतात, शरीरात सूक्ष्म दाह राहतो, साखरेचे संतुलन बिघडते, झोप उडते. शरीरावर साचत जाणाऱ्या या ओझ्याला ब्रूस मॅकइवन आणि एलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ‘अॅलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले.

मिशिगन विद्यापीठातील संशोधिका आर्लीन जेरोनिमस यांनी त्याआधीच, १९९२ मध्ये, एक सिद्धान्त मांडला होता. गोऱ्या स्त्रियांमध्ये विशीतल्या मातांची बाळे किशोरवयीन मातांच्या बाळांपेक्षा अधिक सुरक्षित असतात, हे सर्वांना ठाऊक होते. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये त्यांना उलटे चित्र दिसले : वय वाढेल तसा बाळाचा धोका वाढत होता. म्हणजे तारुण्यातच त्यांच्या शरीराची हानी सुरू झाली होती. जेरोनिमस यांनी तिला ‘वेदरिंग’ म्हटले. आपल्या कोकणातील वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. दर पावसाळ्यात मार खाणारी, गिलावा न केलेली जांभ्या दगडाची भिंत एका दिवसात पडत नाही. पण दरवर्षी तिची थोडी थोडी झीज होते. तसेच हे.

जेरोनिमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल इत्यादी मोजमापे एकत्र करून हे ओझे मोजले. प्रत्येक वयोगटातील कृष्णवर्णीयांचे ओझे सुमारे दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या गोऱ्यांएवढे भरले. सर्वाधिक ओझे कृष्णवर्णीय स्त्रियांचे होते, आणि त्यांतील ज्या गरीब नव्हत्या त्यांचीही यातून सुटका नव्हती. २०१० मधील त्यांच्या आणखी एका अभ्यासात पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांची, म्हणजे टेलोमिअरची, लांबी तपासली गेली. वयाबरोबर ही टोके आखूड होत जातात. ४९ ते ५५ वर्षे वयाच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे शरीर त्याच वयाच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे साडेसात वर्षांनी अधिक वृद्ध असल्याचा अंदाज त्यातून निघाला.

एकोणसाठ हजार स्त्रियांची साक्ष

बोस्टन विद्यापीठाने १९९५ साली सुमारे ५९,००० कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्याची दीर्घकाळ नोंद ठेवण्याचे काम हाती घेतले. भेदभावाच्या अनुभवाविषयी त्यांना विचारण्यात आले आणि त्यानंतर कोणाला कोणता आजार होतो याची नोंद पुढे वर्षानुवर्षे ठेवण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, नोकरी, घर मिळवणे आणि पोलिसांची वागणूक या तिन्ही ठिकाणी वर्णभेद सोसल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांना, असा अनुभव न आलेल्या स्त्रियांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३८ टक्क्यांनी अधिक होता. येथे तुलना कृष्णवर्णीय स्त्रियांची कृष्णवर्णीय स्त्रियांशीच आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. अशा अभ्यासाने कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही, आणि भेदभाव सोसणारी प्रत्येक स्त्री आजारी पडते असेही नाही. परंतु निरनिराळ्या पद्धतींनी केलेली संशोधने जेव्हा एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नव्हे.

आघात आणि ‘खंबीर बाई’चा मुखवटा

रोजच्या अपमानाबरोबर मोठ्या आघातांचाही विचार केला पाहिजे. बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील हिंसा, आईवडिलांपैकी एकाचा तुरुंगवास यांसारखे प्रसंग ज्यांनी पाहिले, त्यांना मोठेपणी हृदयरोगापासून नैराश्यापर्यंत अनेक विकार अधिक होतात, हे कॅलिफोर्नियातील एका गाजलेल्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवून दिले. त्या अभ्यासातील बहुसंख्य माणसे गोरी आणि सुशिक्षित होती. म्हणजे आघाताने शरीर खचणे ही कोणत्याही वंशाची दुर्बलता नाही; तो मानवी देहाचा सर्वसाधारण धर्म आहे. प्रश्न इतकाच की कोणाच्या वाट्याला किती आघात येतात आणि ते सोसताना कोणाला किती आधार मिळतो.

आधार मागणेही येथे सोपे नसते. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील संशोधिका शेरिल वुड्स-जिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांशी बोलून एक विचारसरणी मांडली. आपण खंबीरच असले पाहिजे, अश्रू दाखवता कामा नयेत, मदत मागणे म्हणजे हार, आधी सर्वांचे आणि मग स्वतःचे, असे या स्त्रियांच्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते. या खंबीरपणानेच त्यांची कुटुंबे गुलामगिरीच्या आणि दडपशाहीच्या काळातून तरली. पण तोच खंबीरपणा छातीत दुखत असताना दवाखान्यात जाण्याचे पुढे ढकलायला लावतो. घरातील सर्वांची पाने वाढून शेवटी उरलेले खाणारी स्त्री आपल्या परिचयाची आहे. म्हणून हे दुःख आपल्याला समजायला अवघड जाऊ नये.

अविश्वासाचा इतिहास

‘या स्त्रिया डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाहीत’ अशी तक्रार कधी कधी ऐकू येते. त्यांनी तो का ठेवावा, हे विचारण्यापूर्वी इतिहास वाचला पाहिजे. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणून गौरवलेले डॉ. जेम्स मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील मॉन्टगोमरी येथे गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. त्यांतील अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही तीन नावे इतिहासाला ठाऊक आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा हटवायला २०१८ साल उजाडावे लागले. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मातेच्या पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. त्या पेशींवर जगभर संशोधन झाले आणि व्यापारही झाला, पण तिच्या कुटुंबाला कित्येक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. नागरी हक्कांसाठी लढलेल्या फॅनी लू हेमर १९६१ मध्ये मिसिसिपीत एका गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी गेल्या, तेव्हा त्यांचे गर्भाशयच त्यांना न सांगता काढून टाकण्यात आले. १९७३ मध्ये मॉन्टगोमरी येथे १२ आणि १४ वर्षांच्या दोन बहिणींची नसबंदी झाल्याचे उघड झाले. त्यांच्या निरक्षर आईने कागदावर केवळ फुली मारली होती. अशा आठवणी घराघरांतून आजीकडून नातीकडे येतात. त्यांना अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल.

‘माझे ऐका’

इतिहास मागे पडला असे म्हणावे, तर वर्तमानही पुरता बदललेला नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीची निदान एक तरी खोटी समजूत खरी मानली. ‘त्यांची कातडी जाड असते’ ही त्यांतलीच एक. ज्यांच्या मनात अशा समजुती अधिक होत्या, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली. दोष उपकरणांतही आढळतो. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर आपण कोविडच्या काळात घरोघरी पाहिले. सावळ्या त्वचेवर ते अनेकदा प्रत्यक्षाहून अधिक प्राणवायू दाखवते आणि कृष्णवर्णीय रुग्णांत अशी धोकादायक चूक गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट घडते, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले.

विख्यात टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना सप्टेंबर २०१७ मध्ये कन्या झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास घेणे जड जाऊ लागले. फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास त्यांना पूर्वी झालेला असल्याने त्यांनी स्वतःच परिचारिकेला सांगितले की, सीटी स्कॅन हवा आणि रक्त पातळ करणारे औषध हवे. वेदनाशामक औषधाने त्या गोंधळल्या असाव्यात, असे परिचारिकेला वाटले. त्यांनी आग्रह धरला. आधी पायांची सोनोग्राफी झाली, शेवटी सीटी स्कॅन झाला आणि फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. जगज्जेत्या खेळाडूला आपले म्हणणे पटवून द्यावे लागले, तर इतरांचे काय होत असेल? त्याच वर्षी जानेवारीत सीडीसीमधील साथरोगतज्ज्ञ डॉ. शॅलन आयर्विंग यांचे वयाच्या ३६ व्या वर्षी, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी, उच्च रक्तदाबाच्या गुंतागुंतीमुळे निधन झाले. त्या आठवड्यांत त्या पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या होत्या. सामाजिक विषमतेचा आरोग्यावर होणारा परिणाम हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

उपाय आहेत

हे सर्व वाचून मन खिन्न होते. पण निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेतील गर्भधारणेशी संबंधित मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्यासारखे असतात, असे सीडीसीने २०२२ मध्ये नमूद केले. कॅलिफोर्निया राज्याने २००६ पासून रुग्णालयांना एकत्र आणून निश्चित कार्यपद्धती घालून दिल्या. बाळंतिणीचे रक्त किती गेले हे डोळ्यांनी अंदाजण्याऐवजी मोजायचे, आवश्यक साहित्याची गाडी सदैव सज्ज ठेवायची, रक्तदाब अमुक मर्यादेपलीकडे गेला की ठरलेल्या वेळेत औषध द्यायचे. २०१३ पर्यंत तेथील मातामृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. नियम सर्वांना सारखाच लागू झाला की पूर्वग्रहाला वाव कमी मिळतो, आणि रक्तस्रावाच्या बाबतीत वर्णावर्णांतील अंतरही तेथे कमी झाले. ते नाहीसे मात्र झालेले नाही.

बाळंतपणात सोबत राहून धीर देणाऱ्या प्रशिक्षित स्त्रीला तिकडे ‘डूला’ म्हणतात. अशी अखंड सोबत मिळाली तर सिझेरियनचे प्रमाण घटते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा बाळंतपणानंतर ६० दिवसांनी बंद होत असे. २०२१ च्या कायद्याने तो पूर्ण वर्षभर चालू ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. आणि या स्त्रियांनी कोणाची वाट पाहत बसणे केव्हाच सोडून दिले आहे. बिली एव्हरी यांनी १९८३ मध्येच अटलांटा येथे कृष्णवर्णीय स्त्रियांची आरोग्य चळवळ उभारली आणि त्यांना एकमेकींशी आपले दुःख मोकळेपणाने बोलायला शिकवले.

आपला याच्याशी संबंध काय?

ख्रिस्तसभेला या विषयापासून दूर राहता येणार नाही. १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष व बालके विकली आणि त्या पैशांतील काही भाग जॉर्जटाऊन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला गेला. त्याच ख्रिस्तसभेत सिस्टर थिया बोमन या कृष्णवर्णीय फ्रान्सिस्कन धर्मभगिनी होऊन गेल्या. स्तनाच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या सिस्टरांनी १९८९ साली चाकांच्या खुर्चीवर बसून अमेरिकेच्या महागुरूंपुढे आपल्या लोकांची व्यथा मांडली. पुढील वर्षी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्या देवाघरी गेल्या. अमेरिकेच्या महागुरूंनी २०१८ मध्ये वंशवादाविरुद्ध संयुक्त मेषपालीय पत्र काढले आणि त्याच वर्षी सिस्टर थिया यांच्या संतपदाच्या प्रक्रियेला त्यांनी संमती दिली.

महाराष्ट्राचाही या लोकांशी जुना ऋणानुबंध आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले होते. आज आपल्यातील अनेक घरांच्या लेकी आणि सुना परदेशातील रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम करतात. खाटेवरील कृष्णवर्णीय बाई जेव्हा ‘मला बरे वाटत नाही’ असे म्हणेल, तेव्हा ते प्रथम ऐकणारा कान कदाचित आपल्याच घरातील असेल. तो कान तिच्या शब्दांवर विश्वास ठेवतो की नाही, यावर एका बाळाला आई राहते की नाही हे ठरू शकते. अशी लेक घरी फोन करील तेव्हा वाचकांनी हा विषय तिच्याशी अवश्य बोलावा, एवढीच आमची विनंती आहे.